पोटातली गुडगुड

रेकॉर्डिंगला बसले की पहिली तीस सेकंदं मी काहीच करत नाही. माइक चालू, खुर्ची स्थिर, हात मांडीवर. नुसती खोली टिपायची. पुढे आवाज साफ करताना हाच तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा असतो: बाबा रे, कुणी बोलत नसताना ही खोली अशी ऐकू येते, तेवढं वजा कर. आमच्या धंद्यात याला रूम टोन म्हणतात. इतकी वर्षं हे करून माझ्या खोलीची शांतता मला तोंडपाठ झाली आहे. खिडकीच्या फटीतून येणारी सूं, ट्यूबलाइटची गुणगुण, आणि मागे कुठेतरी कॉम्प्युटरचा एकसुरी श्वास. एका रात्री असाच तुकडा हेडफोनवर ऐकत होते, आणि सतराव्या सेकंदाला कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं.

माझ्या नव्हे, एवढी खात्री होती.

तुकडा पुन्हा लावला. आवाज हळू होता, पण ओला होता. बाटली आडवी केली की तळाचं उरलेलं पाणी मानेकडे सरकतं ना, तसा. हेडफोन काढले आणि टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावला. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून, पत्र्याच्या पलीकडून, कुणीतरी घोट गिळला. रात्रीचे साडेबारा वाजले होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम द्यायचं होतं, आणि मी जमिनीवर गुडघे टेकून टॉर्च मारत, बोटाने नळ्यांचे सांधे चाचपत बसले होते. सगळं कोरडं. तरी बोट पुन्हापुन्हा नाकाशी नेऊन वास घेत होते. कूलंटचा वास कसा असतो हे मला माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गंमत अशी की कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारं हे पाणी मी घरात घेतलं होतं ते शांततेसाठीच. त्याआधी प्रोसेसरवर हवेचा साधा कूलर होता. चांगला होता बिचारा. पण नवा प्रोसेसर घेतला, रायझन ९ ७९५०एक्स, कागदावर १७० वॉटचा आणि जोर लागला की २३० पर्यंत जाणारा, आणि त्या कूलरचा स्वभावच बदलला. काही उघडलं, ब्राउझरमध्ये एखादं पान जरी उघडलं, तरी चिपचं तापमान सेकंदभरात वीस-पंचवीस अंश उसळायचं, पंखा घाबरून धावायचा, पान उघडून झालं की परत बसायचा. धाव, बस. धाव, बस. आवाज मोठा होता म्हणून त्रास नव्हता. एकसारखा मोठा आवाज मला चालतो, तो वजा करता येतो. चढणारा-उतरणारा आवाज वजा होत नाही. तो बोलणाऱ्याच्या स्वरांना चिकटतो, आणि सोलून काढायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. एकदा एका ज्येष्ठ बाईंचं वाचन टिपत होते. त्या एका वाक्यावर फार सुंदर थांबल्या, आणि नेमका त्या थांब्यात पंखा उसळला. वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. म्हटलं त्यांनी, पण तो थांबा परत आला नाही.

त्या रात्रीपासून मी पाण्याच्या मागे लागले.

पहिली धाव अर्थातच मित्राकडे. त्याच्याकडे कस्टम लूप आहे, म्हणजे टाकी वेगळी, पंप वेगळा, चिपची उष्णता पाण्याला देणारे तांब्याचे ब्लॉक वेगळे, सगळं एकेक आणून स्वतः जोडलेलं. प्रोसेसरवरही ब्लॉक आणि ग्राफिक्स कार्डावरही. हा कार्डाचा ब्लॉक नेमक्या त्याच मॉडेलचा लागतो; उद्या कार्ड बदललं की तो बाद. त्याने लूप पहिल्यांदा भरला तेव्हा मी मदतनीस म्हणून गेले होते, म्हणजे टिश्यू पेपर अंथरायला. गळतीची परीक्षा चोवीस तासांची. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमध्ये जंपर घालायचा, म्हणजे बाकी कॉम्प्युटरला वीज न जाता एकटा पंप चालतो, आणि मग पाणी गोल फिरत राहतं आणि आपण टिश्यूकडे बघत राहतो. एकोणिसाव्या तासाला पंपाखालच्या टिश्यूवर एक डाग दिसला. मोहरीएवढा. भरताना उडालेला थेंब? फिटिंगमधून आलेला? की मी पाणी पीत पीत वाकून बघत होते, त्या माझ्या ग्लासातला? मी हे शेवटचं मोठ्याने बोलले नाही. त्याने सगळं सोडलं, प्रत्येक फिटिंगची रबरी कडी उलटीसुलटी करून पाहिली, हाताने पुन्हा आवळली, नवे टिश्यू घातले आणि घड्याळ शून्यावर आणलं. पुढचे चोवीस तास स्वच्छ गेले. तो डाग कुठून आला हे आजतागायत कळलेलं नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली तरी जाता-येता तो कॅबिनेटखाली टॉर्च मारतो.

मी विचारायला गेले तेव्हा त्याने मला पंप, फिटिंग यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाला, "आधी हे सांग, तुला कॉम्प्युटर गप्प हवाय, की रविवार घालवायला काहीतरी हवंय? दुसरं हवं असेल तर ये, आजच यादी करू." मग यादी न करताच बराच वेळ बोलला. वर्षातून एकदा तरी सगळं पाणी काढून नवं घालावं लागतं. रंगीत, दुधाळ द्रव फोटोत देखणे दिसतात, पण त्यांतला रंग ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांमध्ये गाळ होऊन बसतो. तांब्याचा ब्लॉक आणि तापलेलं पाणी निववणारा ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले तर ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, म्हणून स्वतः जोडताना तांबं-पितळ धरलं की तेच धरायचं. ताठ नळ्या वाकवायला हीट गन लागते आणि हातभर नळी वाया घालवायची तयारी. नवख्याने काळ्या रबरी नळीच्या पुढे जाऊ नये. मी म्हटलं, डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही म्हणतात, मग सांडलं तर काय मोठंसं? तो हसला. बाटलीत असेपर्यंत नाही वाहत. लूपमध्ये चार दिवस धातूंवरून फिरलं की त्यात धातूंचे आयन उतरतात, मग ते शुद्ध कसलं?

घरी येताना माझं ठरलं होतं. मला रविवार मोकळा हवा होता.

म्हणजे एआयओ, ऑल-इन-वन. कारखान्यातच भरून, मिटवून आलेलं एकसंध जनावर: एका टोकाला प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, त्याच्याच डोक्यात पंप, दोन नळ्या, आणि दुसऱ्या टोकाला पंख्यांसकट रेडिएटर. आपण फक्त स्क्रू पिळायचे. नवख्याने यापासून सुरुवात करावी असं माझं आजही मत आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. वॉटर कूलिंग हे नाव ऐकून छाती दडपते, पण कल्पना काही परवाची नाही. आयबीएमच्या १९८० सालच्या ३०८१ या महायंत्रात चिपांची उष्णता पाण्यावर सोपवलेली होती. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर बोर्डच्या बोर्ड वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेले असत. टेबलाजवळच्या यंत्रांत ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलला द्रवाचं कूलिंग दिलं, आणि पुढे त्यातल्या काही यंत्रांत ते गळल्याच्या तक्रारीही आल्या. तेव्हा भीतीही जुनीच.

मग सुरू झाला मापांचा खेळ. रेडिएटरची नावं म्हणजे त्यावर बसणाऱ्या पंख्यांची बेरीज: १२० मिमीचे दोन पंखे म्हणजे २४०, तीन म्हणजे ३६०, १४० मिमीचे दोन म्हणजे २८०. मला वाटे २८० हा दोघांच्या बरोबर मध्ये असणार. मग एका संध्याकाळी कागदावर गुणाकार केला. २४० चं तोंड २८,८०० चौरस मिमी, २८० चं ३९,२००, आणि ३६० चं ४३,२००. म्हणजे २८० हा ३६० चा सख्खा भाऊ, २४० चा नव्हे, आणि मोठे पंखे हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतात. शांतता हवी असणाऱ्याने २८० घ्यावा, अशा निष्कर्षाला मी मोठ्या आनंदाने आले आणि माझ्या कॅबिनेटने तो आनंद दहा मिनिटांत मोडून काढला. २८० ची रुंदी २० मिमी जास्त. मी पुठ्ठ्याचा रेडिएटर केला होता, खरंच, बॉक्सचे तुकडे चिकटवून, पंख्यांसकट जाडीचा. २७ मिमी रेडिएटर अधिक २५ मिमी पंखा, ५२ मिमी. छताशी धरला तर रॅमच्या डोक्यावर आपटला. ३६० चा पुठ्ठा केला, तो सुमारे ३९५ मिमी लांब, तर तो छताला लांबीतच मावेना. समोरच्या बाजूला मात्र नीट बसला. नवख्याने काय बघावं असं मला कुणी विचारलं तर मी कंपन्यांची नावं सांगत नाही, पुठ्ठा आणि कात्री घे म्हणते. बाकी गोष्टी मग दोन मिनिटांच्या: आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटवर बसणारी पट्टी डब्यात आहे ना, हमी किती वर्षांची, नळ्या किती लांब. दिव्यांचं काही विचारू नये. प्रत्येक पंख्याला दोन-दोन वायरी आणि पंपाच्या डोक्यावर घड्याळाएवढा रंगीत पडदा, हे कशासाठी असतं हे मला अजून उमगलेलं नाही. कॅबिनेट टेबलाखाली असतं. तिथे पडदा बघायला कोण वाकणार?

बसवताना हात थरथरत होते हे कबूल करते. पंपाची वायर भलत्याच जागी लावली. पंप फिरत होता, पण प्रोसेसरच्या पंख्याची जागा रिकामी पाहून मदरबोर्डने पंखाच नाही म्हणून बूट करायला नकार दिला, तेव्हा पाच मिनिटं माझा जीव पडद्यावरच्या त्या एका ओळीत अडकला होता. शेवटी चालू झालं. मी मोठ्या ऐटीत सगळे कोअर कामाला लावले आणि तापमान बघत बसले. ७०, ८०, ९०.

९५.

एवढं पाणी, एवढा तीन पंख्यांचा रेडिएटर, आणि ९५? नळ्यांना हात लावला. दोन्ही सारख्याच, कोमट. एक गरम आणि एक गार असायला हवी ना? पंप मेला, अशी माझी खात्री पटली. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, गणित कर. पाण्याच्या अंगात उष्णता मावतेच फार. एवढ्याच घनफळाच्या हवेच्या सुमारे ३५०० पट. मिनिटाला लिटरभर पाणी फिरतंय आणि चिप २०० वॉट ओततेय असं धर, तर एका फेरीत पाणी तापतं जेमतेम ३ अंश. तुझ्या तळहाताला काय कळणार? पंप मेला असता तर चिप भाजली असती आणि रेडिएटर थंडगार राहिला असता. आणि ९५ चं म्हणशील तर हा प्रोसेसर जोर लावताना ९५ पर्यंत जायचाच, मुळात तसाच बनवलाय. वाव दिसला की तो आणखी धावतो. उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघून वरच्या धातूच्या झाकणातून यायची असते, ती वाटच अरुंद आहे. पाणी वाटेच्या पलीकडे उभं आहे. ते वाट रुंद करू शकत नाही.

तेव्हा मी बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोसेसरला इको मोडवर, १०५ वॉटवर बसवलं. तापमान झरझर खाली आलं. व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला किंचित जास्त वेळ लागू लागला, माझ्या कामात तो जाणवतही नाही. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर एक विचार आला आणि त्याने झोप घालवली: हीच सेटिंग मी जुन्या हवेच्या कूलरवर केली असती तर? आणि पंख्याला जरा धीर धरायला शिकवलं असतं, तापमान चढल्यावर काही सेकंद थांबून मग धाव, एवढं सांगितलं असतं तर? बहुधा भागलं असतं. हे मी मित्राला अजून सांगितलेलं नाही.

तरी पाण्याने एक गोष्ट दिली, आणि ती मी मोजत बसले होते त्या आकड्यांत कुठेच नव्हती. पाणी आळशी असतं. चिप सेकंदात उसळते, पाणी तापायला वीस मिनिटं, अर्धा तास घेतं. माझ्या एआयओत पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर आहे. पंखे मी चिपच्या आकड्यावरून काढून पाण्याच्या आकड्याला बांधले, पंप एकाच वेगावर ठेवला. झालं. त्यानंतर पंखा कधी उसळला नाही. चढला तरी संध्याकाळ उतरते तसा, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. पंपाची एक बारीक, टोकदार किणकिण आहे, पंख्याच्या वाऱ्यासारखी पसरट नाही, पण ती जागची हलत नाही आणि वजा होते. (ग्राफिक्स कार्डाचे पंखे आपले आहेत तिथेच आहेत, प्रोसेसरला पाणी दिलं म्हणून ते सुधारत नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळी ते झोपलेले असतात, एवढं नशीब.) आठ महिने मी या शांततेत कामं केली. पुढे त्या ज्येष्ठ बाईही परत आल्या, दुसरं पुस्तक घेऊन. त्यांचा एकही थांबा वाया गेला नाही.

आणि मग ती गुडगुड.

कारण मला ठाऊक होतं, हे सगळ्यांत वाईट. मिटवलेल्या लूपमध्येही थोडी हवा असतेच, आणि ती हळूहळू वाढते, कारण रबरी नळीच्या भिंतीतून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षं निसटत राहतात. म्हणून तर या गोष्टींची हमी पाच-सहा वर्षांच्या आसपास संपते. पाणी कमी होतं आणि बहुतेकांत भरायला तोंडच नसतं. ही हवा जिथे सगळ्यांत उंच जागा असेल तिथे जाऊन बसते. ती जागा पंपाची नसावी, एवढं मी पाळलं होतं. पण समोर उभ्या रेडिएटरच्या नळ्या शक्यतो खालच्या टोकाला याव्यात, हेही मी वाचलं होतं, आणि बसवायच्या दिवशी ग्राफिक्स कार्ड आडवं आलं म्हणून, आणि रात्र झाली होती म्हणून, त्या वरच ठेवल्या होत्या. हवा वर जमली, आणि नळ्यांची तोंडंही नेमकी तिथेच. पाण्याबरोबर अधूनमधून एक घास हवेचाही. पहिले दोन दिवसही ती गुडगुड होतीच. बसेल आपोआप, म्हणून मी पंख्याच्या वेगांत रमले होते.

रविवार गेलाच शेवटी. कार्ड काढलं, रेडिएटर उलटा केला, नळ्या कार्डाच्या नाकापुढून वळवून नेल्या, बोटभर जागा उरली. ब्लॉकही उचलावा लागला, म्हणजे चिपची उष्णता ब्लॉकला पोचवणारी, कारखान्यातून लावून आलेली पेस्ट पुसून नवी, मटाराएवढी. पण हे सगळं उघडण्याआधी मी एक काम केलं, ते का केलं माहीत नाही. माइक स्टँडवरून काढला, कॅबिनेटची बाजूची काच उतरवली आणि माइक आत, रेडिएटरच्या वरच्या टोकाशी धरून दोन मिनिटं टिपली. जवळून ऐकलं तर ती पोटाची गुडगुड नव्हतीच. दगडांखालून वाहणाऱ्या बारीक पाण्यासारखी होती. मधेच थांबणारी, मधेच कुठल्या तरी कपारीत शिरून बाहेर येणारी. फाइलला नाव दिलं आणि ठेवून दिली. वजा करायला तिचा काही उपयोग नाही, ती चढ-उताराची आहे.

रात्री सगळं जागेवर गेल्यावर दिवे मालवले, माइक नेहमीच्या जागी लावला, आणि तीस सेकंद बसले. हात मांडीवर. मग हेडफोन लावून ऐकलं. खिडकीची सूं. पंपाची किणकिण. पंख्यांचा लांबचा श्वास. दहा, पंधरा, सतरावं सेकंद गेलं, काही नाही. वीस. मी खुर्चीत मागे रेलणार, तोच बाविसाव्या सेकंदाला घोट ऐकू आला. स्पष्ट, ओला, एकच.

उठून कॅबिनेटला कान लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोरडी शांतता. परत येऊन तो तुकडा तीनदा ऐकला, आवाज वाढवून, मग लाटेचं चित्र मोठं करून. फार जवळचा होता तो. कॅबिनेट टेबलाखाली, हात-दीड हात लांब. हा माइकपासून वीतभर अंतरावरचा.

मीच गिळला होता.